संध्याकाळचं कार्ड

"पुन्हा माझ्याच कोंबड्या!" बोसिल्काने गेमचं यंत्र मुलापुढे सरकवलं. "नेनाद, तुझ्या बाबांचं शेत कुठं गेलं रे?"

तिचा नवरा ल्युबिशा जाऊन आज चाळिसावा दिवस. पाहुणे जेवून गेले, मृताच्या नावाने शिजवलेल्या गोड गव्हाची परात रिकामी झाली, आणि ही बाई अजून नखाएवढं कार्ड काढत-घालत बसली होती.

व्हिएन्नात कमावणाऱ्या नेनादने आईवडिलांना दोन यंत्रं धाडली होती, पण शेतीच्या खेळाचं कार्ड एकच. दिवसा ते बोसिल्काचं. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की ल्युबिशा हात पुढे करायचा. "आण इकडे. झोपल्या तुझ्या कोंबड्या." स्वतःचं शेत मात्र दाखवेल तर शपथ. "विहिरीपाशी तुझ्यासाठी काहीतरी लावलंय. फळू दे, मग बघ." फळायच्या आत माणूसच गेला.

त्यांच्याकडे शवपेटीत माणसाचा चष्मा, सिगारेटी ठेवतात, तसं तिने त्याचं यंत्रही त्याच्या हाताशी ठेवलं. कार्ड तेवढं काढून घेतलं. यंत्र त्याला, शेत मला, अशी तिची सरळ वाटणी.

"आई, कार्डात नुसता खेळ असतो गं," नेनाद म्हणाला. "ज्याने जे पिकवलं, ते त्याच्या त्याच्या यंत्रात राहतं."

"असं कसं? कार्ड एकच ना? मग माझ्या कोंबड्या आहेत नि त्यांचं झाड नाही?"

"बाबांचं झाड बाबांच्या यंत्रात."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, वहिनी," नणंद रुझा भांडी पुसता पुसता बोललीच. "मेल्या माणसाला खेळणं कशाला?"

बोसिल्काच्या डोक्यात काही केल्या शिरेना. कार्ड काढलं, फुंकर मारली, घातलं. कोंबड्याच. मग तिने हळूच विचारलं, "कार्डाशिवाय त्यांना तरी उघडतं का ते?"

"नाही, आई."

म्हणजे चाळीस दिवस माणूस स्वतःच्या शेताबाहेर ताटकळतोय. आणि आज, चाळिसाव्याला, तर आत्मा कायमचा निघणार. तिने डोक्याला रुमाल बांधला.

"आता कुठं? सकाळीच तर जाऊन आलो," म्हणत नेनाद मागोमाग टेकडी चढला.

थडग्यावरची माती अजून भुसभुशीत होती. ती गुडघ्यांवर बसली, बोटाने भोक केलं.

"आई, मग तू काय खेळणार?"

ती कार्ड भोकावर धरून बसली. खाली चर्चमध्ये घंटा झाली, तेव्हा तिने कार्ड आत सरकवलं आणि वरून माती थोपटली.

"घ्या," ती म्हणाली. "झोपल्या कोंबड्या."