अकरा कपांचं पाणी

मित्रांनो, मी चहाचा बंब आहे. जुना आहे हे सांगायला नको, अंगावरचे पोचे बघितलेत म्हणजे कळेल. तुम्हाला बघून मला काही आनंद झालेला नाही. पण ऐकायला आलाच आहात तर नीट बसा, आणि मध्येमध्ये बोलू नका.

माझा जन्म ॲडलेड शहरातल्या एका कारखान्यात झाला. अंग तांब्याचं, तोटी पितळेची, पोटात तापणारी कॉइल आणि बाजूला पाणी किती उरलं ते दाखवणारी काचेची नळी. तिथल्याच विंगफिल्ड भागातल्या घाऊक किराण्याच्या वखारीत मला बसवलं, तेव्हा तिथे नव्वद माणसं होती. सकाळी दहाची शिट्टी झाली की "चला, स्मोको", म्हणजे चहाची सुटी, म्हणत सगळी माझ्याभोवती जमायची. "असा चहा आमच्या घरीसुद्धा होत नाही," असं कोणीतरी रोज म्हणायचं आणि मी फुगायचो. तेव्हा मी मूर्ख होतो.

मला भरायची मर्ल टकर. एकतीस वर्षं तिने हेच केलं. नळीवर बोट ठेवायची आणि पाणी बोटापर्यंत चढलं की थांबायची. पुढे गोण्या उचलायला यंत्रं आली, खोके आपोआप सरकवणारे पट्टे आले. नव्वदांचे साठ झाले, साठांचे चाळीस. माल मात्र वाढतच गेला. दर वेळी मर्लचं बोट नळीवर थोडं खाली यायचं.

मग व्यवस्थापक म्हणून डॅरिल पिंक आला. त्याचं नाव काढलं तरी माझं झाकण उडतं. त्याने आमची माणसं काढली आणि तीच कामं करायला एजन्सीची, म्हणजे कंत्राटी, माणसं आणली. खोके उचलणाऱ्या मजोकला तर शुक्रवारी काढलं आणि सोमवारी तो एजन्सीचं पिवळं जाकीट घालून परत आला. काम तेच, खोके तेच, फक्त हक्काची रजा गेली.

एकदा राज्य सरकारचा फॉर्म आला. घाऊक व्यापारात किती माणसं कामाला आहेत, ते प्रत्येक वखारीने कळवायचं होतं. डॅरिलने माझ्याच टेबलाशी बसून आकडा लिहिला, अकरा.

मर्ल कप विसळत होती. "अरे, मी रोज चौतीस कप मांडते."

"त्यातले तेवीस एजन्सीचे. ते आपले नव्हेत."

"चहा तर आपलाच पितात."

"तेच बोलायचं होतं," डॅरिल म्हणाला. "अकरा माणसांना बंब कशाला? किटली पुरते. आणि किटलीला बाई लागत नाही. मनाला लावून घेऊ नकोस, मर्ल. राज्यभर घाऊक धंद्याचा कलच तसा आहे."

"कल मीही एकतीस वर्षं बघतेय, ह्या नळीत."

तो हसला. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस ठरला.

शुक्रवारी तिने माझ्यात मोजून अकरा कप पाणी ओतलं. मी हादरलो. नळीवर तळाशी लाल रेघ आहे. पाणी तिच्या खाली गेलं तर कॉइल जळते, हे मर्लइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. "माफ कर रे म्हाताऱ्या," म्हणाली आणि बटण दाबलं.

दहाला अकरा जणांनी चहा घेतला. बारावा मजोक. त्याच्या कपात तोटीतून नुसती वाफ आली. माझ्या पोटात काहीतरी तडकलं, जळका वास सुटला आणि माझं काम कायमचं थांबलं. तेवीस माणसं रिकामे कप घेऊन बाकांवर बसली. सुटी संपल्याची शिट्टी झाली तरी कोणी उठलं नाही. दारात सहा ट्रक खोळंबले.

डॅरिल तणतणत आला. "हे कामाला का लागत नाहीत?"

"कोण?" मर्लने विचारलं.

"हे सगळे. माझी माणसं."

मर्लने ॲप्रन सोडला आणि त्याची घडी घातली. "तुझी माणसं अकरा. त्यांचा चहा झालाय."

मजोक हसला, मग सगळेच. शेवटी डॅरिलला नाक्यावरच्या दुकानातून तेवीस कप चहा मागवावा लागला, तेव्हा ट्रक भरले. फॉर्मवरचा आकडा त्याने बदलला नाही. मर्लला परत बोलावलंही नाही.

आता मी तिच्या परसात आहे. माझ्यात तिने जिरेनियमचं फुलझाड लावलंय. येणारे-जाणारे कौतुक करतात आणि मला राग येतो. मी कुंडी नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही, त्याला उशीर झाला. पण तुम्ही मोठे व्हाल, टेबलामागे बसाल आणि तुमच्यापुढेही असा फॉर्म येईल. तेव्हा लिहिण्याआधी खुर्चीतून उठा आणि जाऊन कप मोजा.