जाताना आठ, येताना तीन

"काही बिघाड झालाय का हो?" ड्रायव्हरकाकांनी शेजारच्या बाईंना विचारलं.

विमान खाली यायला लागलं होतं आणि काकांच्या घड्याळात जेमतेम अडीच वाजत होते. तिकिटावर तर नऊला निघून पाचला पोचणार असं छापलेलं. म्हणजे आठ तास. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला एवढं कळतं, की गाडी मध्येच थांबली तर इंजिन तापलेलं असतं, नाहीतर पुढे रस्ता खचलेला असतो. इथे रस्ताच नव्हता, त्यामुळे काका जास्तच गोंधळले.

गोंधळ तसा जुनाच. लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा तिने दोघांची तिकिटं पाठवली होती. काकूंच्या पायात एकदा रक्ताची गाठ झालेली. सहा तासांच्या वरचा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांनी चष्मा लावून तिकिटं वाचली. जाताना आठ तास, येताना तीन.

"वाट एकच ना? मग असं कसं?" काकू म्हणाल्या.

"जाताना वारा अंगावर येत असणार. घाट चढताना नाही का वेळ लागत?"

"मग येतानाच्याच विमानानं जाऊ या की."

दोघंही पोटभर हसली. कुणाला तरी विचारावं, हे मात्र काकांच्या मनात आलं नाही. रस्ता विचारत फिरणारा ड्रायव्हर कसला, हा त्यांचा नेहमीचा ताठा. त्यांनी लेकीला फोन लावला. "आईला प्रवास झेपणार नाही. डॉक्टर नको म्हणतात." लेक नुसतं बरं म्हणाली. नातीला काकूंनी फोनवरच पाहिलं, काच पुन्हापुन्हा पदराने पुसत. काही महिन्यांनी काकू झोपेतच गेल्या.

"बिघाड कसला, काका? पोचलो आपण," शेजारच्या बाई म्हणाल्या. "इकडचं घड्याळ अडीच तास पुढे असतं. तिकिटावर निघायची वेळ आपली आणि पोचायची इकडची."

हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. ते चहा घेत असायचे तेव्हा लेक फोनवर सांगायची, आमची जेवणं झाली. पण ते आणि तिकीट यांची सांगड त्यांनी कधी घातलीच नव्हती. आठातून अडीच गेले, साडेपाच. तिनात अडीच मिळवले, तरी साडेपाच. वाराही नव्हता आणि घाटही नव्हता. काकांना स्वतःचा भयंकर राग आला. सगळे उतरायला लागले तरी त्यांना पट्टा सोडायचं सुचेना. शेवटी बाईंनीच तो सोडून दिला.

बाहेर लेक पोरीला कडेवर घेऊन उभी होती. वाकून पाया पडली.

"दमलात ना बाबा? आठवण येते हो आईची. पण मी तेव्हा हट्ट धरला नाही, तेच बरं झालं. एवढा प्रवास तिला झेपला नसता."

नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता.

"झेपला असता गं," काका म्हणाले.

"म्हणजे?"

मागून माणसं येत होती, ती दोघांना वळसा घालून पुढे जात होती. काकांनी बॅग खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.