उसनं स्वप्न

मला स्वप्न पडलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल बरं काही समजून घेण्याचे तुमचे कष्ट वाचतील.

आमच्याकडे वीरकथा गाणारा, म्हणजे जोमोकचू, शिकून होत नाही. त्याला हाक यावी लागते. झोपेत जुना वीर घोड्यावरून येतो, मूठभर बाजरी तोंडात कोंबतो आणि म्हणतो, गा. सकाळी उठल्यावर गायला लागायचं. नाही लागलात तर तुम्ही आजारी पडता, नाहीतर घरातलं कुणीतरी पडतं. आमच्या गावात हवामानावरून वाद होतात, सरकारवरून होतात, पण यावरून कधी झालेला मी ऐकला नाही.

मी तेरा वर्षांचा होतो. बाप सामुदायिक शेताची दुधाची गाडी चालवायचा. त्या हिवाळ्यात त्याच्या छातीत पाणी झालं आणि त्यानं अंथरूण धरलं. दाणे मांडून बघणारी बाई आली. तिनं एक्केचाळीस दाणे पसरले, गोळा केले, पुन्हा पसरले आणि सांगितलं, "या घरात कुणाला तरी हाक आलीय आणि तो गप्प बसलाय." घरात आई, मी आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ तोक्तोसून. तोक्तोसून अजून अंथरूण ओलं करत होता, तेव्हा संशय माझ्यावरच. आई उशाशी बसली. "घोडा दिसला का रे? पांढरा होता?" तिच्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणणारा मुलगा मला अजून भेटायचाय. मी हो म्हणालो. "बाजरी दिली?" दिली.

पंधरा दिवसांत बाप उठून चालायला लागला. जिल्ह्याची नर्स सकाळ-संध्याकाळ येऊन सुई टोचून जायची. अठ्ठावीस सुया. मला आकडा ठाऊक आहे, कारण सुई उकळायचं पाणी मी तापवायचो. पण स्वप्नापुढे सुयांना कोण विचारतो!

तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं मी गातोय. कुणाच्या वर्षश्राद्धाला, कुणाच्या नातवाच्या जेवणावळीला, सणाला, एकदा तर मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाला. वाईट गात नाही मी. माणसं रडतात. खऱ्या जोमोकचूला म्हणे गाताना घाम फुटतो, समोरचं दिसेनासं होतं. मला सगळं दिसतं. वीर रणात पडत असतो, म्हाताऱ्या डोळ्यांना रुमाल लावत असतात आणि मी मनात म्हणत असतो, गाडीच्या मागच्या डाव्या चाकाची हवा कमी झालीय, परतताना चढ कसा चढायचा. घरी आलो की बात्माकान, माझी बायको, गळ्याला मेंढीच्या शेपटीची चरबी बांधते आणि मी भिंतीकडे तोंड करून पडतो. थकवा कामाचा असता तर झोपून गेला असता. हा जात नाही.

गेल्या सप्टेंबरात असाच पडलो होतो, तेव्हा मीरीम आली. तोक्तोसूनची थोरली, बावीस वर्षांची. पोरीचा गळा मात्र खरोखर चांगला. शाळेत होती तेव्हा स्पर्धेत दोन-दोन तास बसून म्हणायची. मग बिश्केकला शिकायला गेली आणि तिथे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या टोळीत शिरली. गावानं पोट धरून हसून घेतलं. आमच्याकडे सगळ्यांत उंच म्हणजे वैरणीची गंजी.

तिनं चहा ओतून दिला. पेल्यात अर्धाच, रीतीप्रमाणे. मग तळलेल्या पावाचा, बोरसोकचा तुकडा बोटांत चुरत बसली.

"आबा, घसा कसाय?"

"घशाचं विचारायला दोन कोस चालत आलीस? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

"तुमचं स्वप्न सांगा ना."

मी सांगितलं. झोपेतून उठवलं तरी सांगता येतं मला ते. पहाटेची वेळ, खिंडीतून पांढरा घोडा, वीराच्या भाल्याला निळं फडकं, मूठभर बाजरी. डोळे मिटूनच बोलत होतो. उघडले तर पोरगी वही मांडीवर घेऊन लिहीत होती.

"हे काय चाललंय?"

"पाठ करतेय. शुक्रवारी सांगायचंय. घोडा करडा करते म्हणजे तुमच्यासारखा वाटणार नाही. फडकं राहू दे की काढू?"

मी उठून बसलो. शुक्रवारचं मला माहीत होतं. तोक्तोसूननं सगळ्या गावाला आवतण दिलं होतं, जेवणाला घोडी कापायची होती. पोरीनं चारचौघांत स्वप्न सांगायचं आणि मी, घराण्यातला जोमोकचू म्हणून, दोन्ही तळवे पुढे धरून तिला बाता द्यायची, म्हणजे आशीर्वाद. एकदा बाता दिली की परत घेता येत नाही. माणूस त्या कामाला बांधला जातो. मला वाटलं होतं, पोरीला खरंच काही दिसलं असेल. ज्याला स्वतःला नाही दिसलं त्याला दुसऱ्यांचं सगळं खरं वाटतं.

"तुला काही दिसलं नाही?"

"मी आडवी होते, झोपते, उठते. मध्ये काही नाही." मग मान खाली घालून म्हणाली, "आईला फेब्रुवारीपासून पोटात दुखतंय. डॉक्टर म्हणतात खडे आहेत, कापावं लागेल. दाणेवाली बाई म्हणते हाक आलीय. बाबा म्हणतात बाई खरं बोलते. आईला सुरीची भीती वाटते, म्हणून तीही म्हणते बाई खरं बोलते. राहिले मी."

"आणि तुझं काम?"

"सोमवारी हजर झाले तर कायमची घेणार आहेत. नाही झाले तर दुसऱ्याला."

"त्या लिफ्टमध्ये एवढं काय आहे गं? डबा वर जातो, डबा खाली येतो."

तिला हसू आलं. मग ती सांगायला लागली आणि तिचा आवाज बदलला. नऊ मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट आठवडाभर बंद, वरच्या मजल्यावरची एक म्हातारी पाण्याच्या बाटल्या जिन्यावर ठेवत-ठेवत चढायची. टोळीतल्या पुरुषांनी मोटार बदला म्हणून सांगितलं. ही खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरली आणि कान लावून बसली. "आबा, आवाजावरून कळतं. मोटार चांगली होती. दाराची एक झडप नीट मिटत नव्हती, एवढंच. सकाळी उतरले ती दुपार टळल्यावर वर आले. जेवायचं राहिलं हे मला म्हातारीनं पाव हातात दिला तेव्हा कळलं."

"आणि गाताना?"

"गाताना मी चांगली गाते," ती म्हणाली. "सगळे तसं म्हणतात. मला कधी संपतं असं होतं."

मी चहाचा पेला खाली ठेवला. माझ्या छातीत कुणीतरी हात घालून जुनी जागा चाचपतंय असं वाटलं. बावीस वर्षांच्या पोरीला स्वतःबद्दल जे ठाऊक होतं ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःबद्दल ठाऊक नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, आणि लाजही वाटली. तरी मी काय बोललो? "फडकं काढ," म्हणालो. "करडा घोडा पुरे."

असा मी. भिंतीकडे तोंड करून पुन्हा पडलो.

शुक्रवारी तोक्तोसूनच्या अंगणात माणूस मावेना. आत सतरंज्यांवर मानाप्रमाणे बसलेले. वर म्हातारे, त्यांच्यात मधोमध ओस्मोनअली, ऐंशीच्या पुढचा, गावाचा तोंडचा कायदा. त्याच्या शेजारी मी. दाराशी बायका, त्यांच्यात मीरीमची आई पोटाशी उशी धरून. माझ्यापुढे मांडीचं हाड आलं, जोमोकचूचा मान म्हणून. पंचेचाळीस वर्षं येतंय. मी ते सुरीनं सोलत राहिलो, खाल्लं नाही.

तोक्तोसून आनंदानं लाल झाला होता. "बाइके," म्हणजे दादा, माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आपल्या घरात दुसरा! बापानं बघायला हवं होतं."

ओस्मोनअलीनं तोंड पुसलं. "हं पोरी. काय दिसलं ते सांग."

मीरीम उभी राहिली. नवं जाकीट घातलेलं, डोक्याला रुमाल, हात मात्र तसेच. नखांत काळं ग्रीस, कितीही घासलं तरी न निघणारं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "पहाटेची वेळ होती," ती म्हणाली. "खिंडीतून करडा घोडा येत होता..."

तिचा आवाज एकदम तेरा वर्षांच्या मुलासारखा झाला. मी तो आवाज ओळखतो. आई उशाशी बसलेली असते आणि एकच उत्तर द्यायचं असतं.

"थांब," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले.

"तो घोडा माझा आहे. मी परवा तिला दिला. आणि माझाही खोटाच आहे. मला कधी काही दिसलं नाही. आईनं विचारलं, मी हो म्हणालो."

बाहेर कढईखालचं लाकूड तडतडलं. मग ओस्मोनअली हसला. दात नसलेल्या तोंडानं, प्रेमानं हसला. "बघा! खरा जोमोकचू असाच असतो. आपलं स्वप्न झाकतो."

"हो, हो," म्हातारे म्हणाले. "किती नम्र माणूस."

मला रडावं की हसावं कळेना. पंचेचाळीस वर्षं खोटं बोललो, एकानं शंका घेतली नाही. आज पहिल्यांदा खरं बोललो तर कुणी ऐकेना. "ओस्मोनअली काका," मी म्हणालो, "नम्र नाही मी. बाप सुयांनी उठला. अठ्ठावीस सुया. मी पाणी तापवलंय."

म्हाताऱ्याचं हसू ओसरलं. तो माझ्याकडे झुकला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "गाढवा, आम्ही काय दुधखुळे आहोत? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गातोस, माणसं रडतात, मेलेल्यांना बरं वाटतं. उघडतोस कशाला? हात वर कर."

त्याला माहीत होतं. बहुधा नेहमीच माहीत होतं. याचा मला जेवढा राग आला तेवढा स्वतःचाही कधी आला नव्हता.

सगळ्यांनी तळवे पुढे धरले. साठ-सत्तर माणसं, ओंजळी उघड्या, माझ्या शब्दाची वाट बघत. घराण्यातला जोमोकचू बसलेला असताना बाता दुसरा कुणी देऊ शकत नाही. मी माझे हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिथेच राहू दिले. फार जड झाले होते ते. धैर्य वगैरे म्हणू नका, मला खरंच उचलवत नव्हते.

"बाइके!" तोक्तोसून ओरडला. "घोडी कापलीय मी!"

"कापलीस ती खाऊ दे लोकांना."

"सगळ्या गावासमोर माझं नाक कापतोस? हिची आई मरेल!"

"खड्यांनी मरेल," मीरीम म्हणाली. तोपर्यंत ती उभीच होती. "बाबा, खड्यांनी मरेल. माझ्या गाण्यानं ते विरघळणार नाहीत."

तेव्हा दाराशी बसलेली तिची आई उठली. एका हातानं चौकट धरून म्हणाली, "मला दवाखान्यात न्या. भिऊन-भिऊन दमले मी." एवढंच बोलली आणि परत बसली.

एकेक करून ओंजळी मिटल्या. ओस्मोनअलीनं माझ्यापुढचं मांडीचं हाड उचललं आणि पलीकडच्या म्हाताऱ्यापुढे ठेवलं. मी चपला शोधून घातल्या. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मग आता आपल्या म्हाताऱ्याच्या श्राद्धाला कोण गाणार?" त्यावर मात्र लगेच वाद सुरू झाला.

शनिवारी मी माझ्याच गाडीतून दोघींना जिल्ह्याला नेलं. तोक्तोसून आला नाही. मागच्या सीटवर त्याची बायको उशी पोटाशी धरून झोपली होती. पुढे मीरीम गाडीच्या आवाजाला कान देऊन बसलेली. तिनं दोनदा सांगायला तोंड उघडलं, मी हात करून थांबवलं. इंजिनाचं काय बिघडलंय ते आज ऐकायचं नव्हतं मला.

उताराला लागल्यावर तिनं विचारलं, "आबा, मग तुम्हाला काय व्हायचं होतं?"

मी गाडी चालवत राहिलो. बापासारखा ड्रायव्हर? नाही, रस्ता मला कधी आवडला नाही. मेंढ्या? मेंढ्यांचा मला कंटाळा येतो. मी खरोखर शोधलं, एकेक दार उघडून बघितलं, प्रत्येकात तेरा वर्षांचा एक मुलगा हो म्हणत बसलेला. "कुणी विचारलं नाही गं," मी म्हणालो.

"मी विचारतेय ना."

मी गिअर बदलला. तिनं पुन्हा विचारलं नाही, हे तिचे उपकार.

सोमवारी सकाळी ऑपरेशन होतं. मीरीमला मी आदल्या दिवशीच बिश्केकच्या गाडीत बसवलं होतं; जात नव्हती, दार धरून उभी होती, मी शिव्या देऊन बसवलं. मग एकटाच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसलो. शेजारी नारिनकडचा एक गुराखी, बायकोच्या बाळंतपणासाठी आलेला. मला न ओळखणारा माणूस मला कितीतरी वर्षांनी भेटला. त्यानं आपला कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, पुढे केला, दोघांनी घोट-घोट घेतला, गुरं, गवत, यंदाचा बर्फ, सगळं बोलून झालं. मग त्यानं सहज विचारलं, "आणि आपण काय करता?"

पंचेचाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्याआधी दुसऱ्यांनीच दिलं होतं.

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

त्याला वाटलं थट्टा करतोय. मांडीवर थाप मारून तो मोठ्यानं हसला आणि पांढऱ्या दाढीच्या या थट्टेखोराला त्यानं अजून थोडा कुमीस ओतून दिला.