रोजची एक गोळी

नरहरीकाकांना बीपीची गोळी रोज एक लागायची, आणि ते ती रोज एकच विकत घ्यायचे. संध्याकाळ झाली की तात्यापारा मोहल्ल्यातल्या गंधालीच्या मेडिकलवर जायचं, तिनं स्ट्रिपमधून कात्रीनं एक गोळी कापून द्यायची, आणि तेवढ्यात चार गोष्टी बोलून घ्यायच्या. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला माणूस, अख्खी स्ट्रिप घेण्याची ऐपत नव्हती असं थोडंच आहे? पण अख्खी घेतली तर उद्या कोणत्या तोंडानं यायचं?

काय करतील बिचारे! बायको प्रमोदिनी गेली, तेव्हापासून ह्या हिंदी मुलखात घरात मराठी बोलायला भिंती तेवढ्या उरल्या. मुलगा सौमित्र बंगलोरला. तो फोनवर बापाशीही हिंदीतच बोलतो, अन् नातू तर तेवढंही बोलत नाही. शेजारी चांगले आहेत, 'दादाजी, नमस्ते' म्हणतात आणि गाडीला किक मारतात. दिवसभरात काकांना कोणी मराठीत 'जेवले का?' विचारत असेल तर ती गंधाली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, तसं काकांचं रोजचं चाललं होतं. ताक म्हणजे गप्पा, अन् भांडं लपवायला ती एक गोळी.

मग एके दिवशी कंपनीचा निरोप आला, की ह्याच गोळीच्या एका लॉटमध्ये खोट आहे, माल परत करा. गंधालीनं ज्यांना स्ट्रिपा दिल्या होत्या त्यांना फोन करून नंबर वाचायला लावले. काकांच्या तुकड्यावर मात्र ना लॉट नंबर, ना तारीख. ते सगळं स्ट्रिपच्या टोकाला, आणि ते टोक कधीच कापून गेलेलं. ती भर दुपारी दुकान बंद करून काकांच्या दारात धापा टाकत आली. कालची अजून न खाल्लेली गोळी काढून घेतली, नाडी पाहिली, चक्कर येते का विचारलं. काकांना काही झालं नव्हतं. उलट आपल्यासाठी कोणीतरी उन्हात धावत आलं, ह्याचाच त्यांना केवढा आनंद! त्या दिवशी त्यांनी दोन माणसांचा चहा टाकला. ती मात्र उभ्या उभ्याच परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कात्री उचलून ठेवली. आता अख्खीच स्ट्रिप मिळेल, नावासकट, तारखेसकट. चूक झाली तर जीव जातो, काका, असं तिनं समजावलं. बरोबरच होतं तिचं. काकांनाही पटलं, आणि पटलं म्हणूनच घरी येऊन ते भिंतीकडे बघत बसले.

पण माणूस हुशार! दोन दिवसांनी पुन्हा काउंटरवर हजर. म्हणाले, स्ट्रिप हरवली. तिनं दुसरी दिली. पुढे एक उंदरानं नेली, एक धुण्यात भिजली, एक गुढियारीच्या मित्राकडे राहिली. गुढियारीत काकांचा मित्र कुठला आलाय? होता तो कधीच वारला. शेवटी गंधालीचा हात थांबला. तिनं गोळी दिलीच नाही. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या घेऊन या म्हणाली.

काकांनी पिशवी आणून काउंटरवर ओतली. सगळ्या स्ट्रिपा कोऱ्या, एक तेवढी अर्धी संपलेली. मागे गिऱ्हाइकं उभी होती. लाज वाटली, खूप लाज वाटली त्यांना.

"काका, मले वाटलं तुम्ही दोन-दोन, तीन-तीन खाऊन राहिले," गंधाली म्हणाली. "मी घाबरून सकाळीच सौमित्रभैयाले फोन केला."

"जास्तीची एक नाही खाल्ली, पोरी. तुह्याशी बोलाले येत होतो."

एकदा घरी नेलेली औषधं दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत, म्हणून गंधालीनं ती नष्ट करायच्या डब्यात टाकली. पुरेल अशी एक स्ट्रिप तेवढी काकांच्या हातात दिली.

अन् सौमित्र? गुणी पोरगा, बापाची काळजी आहे त्याला. त्यानं बसल्या जागी मोबाइलवरून बंदोबस्त करून टाकला. आता महिन्याची औषधं सीलबंद डब्यात घरपोच येतात. फोनवर म्हणाला, "बाबा, अब आपको कहीं जाने की जरूरत नहीं." काका मान डोलावून 'हव' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

काही दिवस ते घरीच बसले. मग एका संध्याकाळी पायच निघाले. दुकानावर ही गर्दी. नंबर लागला तसं गंधालीनं मान वर करून विचारलं, काय देऊ काका?

काकांनी खोकल्याचं औषध आठवून पाहिलं, कापूस आठवला, बाम आठवला. जीभ रेटेना. आता हिच्यापुढे आणखी खोटं काहून बोलायचं?

"काही नाही पाहिजे. असाच आलो."

मागच्यानं त्यांच्या खांद्यावरून चिठ्ठी पुढे केली. गंधालीनं ती घेतली, औषध शोधायला वळली, आणि वळता वळता म्हणाली, "मग बसा न, काका."

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. मेडिकलच्या दुकानात बसायला काही ठेवलेलं नसतं. ते गिऱ्हाइकांना वाट देऊन बाजूला झाले आणि शटरच्या पट्टीला टेकून उभे राहिले.