सातवा रकाना

मागच्या लढाईत सरकारची फार छी-थू झाली होती. न सांगता-सवरता शत्रूच्या शहरावर बॉम्ब टाकले, बायकापोरं मेली, आणि जगानं तोंडात शेण घातलं. म्हणून या खेपेला सगळं रीतसर करायचं ठरलं. बॉम्बच्या पंधरा दिवस आधी विमानातून त्या त्या गल्लीवर छापील अर्ज टाकायचे, हरकती मागवायच्या, त्या निकाली काढायच्या, आणि मगच बॉम्ब. याला माणुसकी म्हणतात, असं खात्याचं ठाम मत होतं. भरलेले अर्ज तटस्थ देशाच्या टपालानं परत येत.

हरकती विभागात माणसं दोनच, एक साहेब आणि एक कारकून. कारकुनाला सगळे शिक्केमामा म्हणत. अर्जात सात रकाने होते. सातवा खुद्द साहेबांच्या डोक्यातून निघालेला: ‘आपल्या घराऐवजी कोणते घर पाडावे? पूर्ण पत्ता लिहा.’

“नुसती रडगाणी कोणीही गाईल,” साहेब म्हणत. “उपाय सुचवा म्हणावं. विमान काय रिकाम्या हाती परत येणार?”

तीन हजार चारशे अर्ज आले आणि सातवा रकाना जवळजवळ सगळ्यांचा कोरा. एका म्हाताऱ्यानं तेवढं लिहिलं होतं, ‘माझ्याच घरावर टाका, पण दुपारी टाका. तेव्हा सून पोरांना घेऊन बाहेर असते.’ साहेब म्हणाले, ही हरकत नव्हे, संमती आहे. बाकीच्यांवर शिक्केमामांनी धडाधड ‘अपूर्ण’चा शिक्का मारला. वाचायच्या भानगडीत ते पडत नसत, कारण वाचलं की शिक्का तिरका उठतो.

गुरुवारी मात्र हात वरच्या वर थांबला. ते वळणदार अक्षर ओळखीचं होतं. याच अक्षरानं त्यांना लहानपणी पाटीवर बाराखडी गिरवायला दिली होती. ताई! तिचं लग्न झालं तेव्हा ते शहर शत्रूचं नव्हतं, नुसतं लांबचं होतं. ‘माननीय महोदय,’ ताईनं आपल्या धाकट्या भावाला, नकळत, लिहिलं होतं, ‘घरात मी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि दोन मुली आहोत. तोफांचा कारखाना इथून चार मैलांवर आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नये.’ सातवा रकाना कोरा.

शिक्केमामांनी शिक्का ठेवून अर्ज उचलला. ते धावत साहेबांकडे गेले. “साहेब, ही माझी सख्खी बहीण आहे.”

“अरे वा! मग तर नियम काटेकोर पाळायला हवा. रकाना भरलाय?”

“नाही. आणि मुदत उद्या संपतेय.”

“मग तुम्हीच भरा. शाई कोणाची ते कोण बघतंय?”

शिक्केमामा त्या शहराचा नकाशा घेऊन बसले. एका घरावर बोट ठेवलं, तर तिथला अर्ज गठ्ठ्यात होता, सुईणीचा. त्यांनी तो वाचला. दुसरं घर शिंप्याचं, त्याला चार मुली. तिसरं, चौथं. बोट ठेवावं तिथे कोणीतरी जेवत, भांडत, खोकत होतं. संध्याकाळपर्यंत बोट ठेवायला जागा उरली नाही. शेवटी ताईच्या सातव्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. बायकोला माहेरी धाडू म्हणजे झालं, एवढाच विचार केला. इमारतीतली आणखी सात बिऱ्हाडं त्यांच्या ध्यानातच आली नाहीत.

साहेबांनी चष्मा चढवला. “पूर्ण पत्ता, मजल्यासकट! शाबास. मंजूर.”

“साहेब, हा पत्ता आपल्या शहरातला आहे.”

“असेना. ‘शहर कोणाचं’ असा रकाना कुठे आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आपलंच विमान आलं आणि शिक्केमामांच्या गच्चीवर रीतसर अर्ज टाकून गेलं. ते लाजेनं काळेठिक्कर पडले. सगळ्यांचे पाय धरायचे म्हणून ते जिन्यात आले, तर आख्खी इमारत भिंतीला कागद टेकवून लिहीत होती.

“समोरच्या इमारतीचा नंबर काय हो?” तळमजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं.

“तिथे कोण राहतं?” शिक्केमामा म्हणाले.

“कोण जाणे! आपला काय संबंध?”

वरच्या शिवणवाल्या बाईंना नणंदेचा पत्ता तोंडपाठ होता. बघता बघता सात अर्ज शिक्केमामांच्या हातात पडले, आणि एकाचाही सातवा रकाना कोरा नव्हता.

शेवटी बायको दारात आली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

“तू माहेरी जा,” ते म्हणाले.

“मी कुठेही जाणार नाही. एकेक भांडं जोडून हा संसार उभा केलाय मी.” तिनं आपला अर्ज पुढे केला. “पण या लोकांसारखं आपल्याच माणसांवर बॉम्ब टाका असं नाही हो लिहिलं मी. एवढी वाईट नाही मी. शत्रूच्या शहरातला एकच पत्ता मला येत होता, तो घातला.”

शिक्केमामांनी वाचला.

“अगं, हा ताईचा आहे.”

“माहीत आहे,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण आता ती त्यांच्यातलीच ना?”