कपाटातून येणारं उत्तर

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. एका बहिणीची गोष्ट सांगायची आहे.

ती अँटेना बनवायची. केसाएवढ्या तांब्याच्या तारेची वेटोळी कापडी टोपीत शिवायची. कंपवाताच्या रोग्याने टोपी घातली, की कवटीत बसवलेल्या यंत्राला तिच्यातून वीज पोचे, यंत्र मेंदूला हलकेच चाळवी आणि थरथरता हात शांत होई. तिचा दादा सुतार. तिच्याच टोपीमुळे त्याच्या हातात पुन्हा रंधा आला. मग एका सकाळी तो कामावर शिडीवरून पडला आणि गेलाच. अंत्यविधीआधी काढलेलं यंत्र तिच्या कार्यशाळेच्या कपाटात येऊन पडलं.

तेव्हापासून रोज तिने चाचणीचा अँटेना सुरू केला, की पडद्यावर आधी दादाच्या यंत्राचा नंबर उमटे. कपाट आठ हात दूर. तिथवर वीज पोचायलाच नको, पण उत्तर येई. तिच्या अंगावर काटा उभा राही. वीज कधी आली, कधी तुटली याची यंत्रातली नोंद वाचायचा धीर मात्र होईना. आपल्याच टोपीने दादाला पाडलं असेल तर?

"वाच बाई एकदाची," कार्यशाळेचे साहेब म्हणाले. "उद्या चाळीस टोप्या रोग्यांकडे जायच्यात."

तिने वाचली. त्या सकाळी चार वेळा वीज तुटून परत आली होती. पाचव्यांदा तुटली ती तुटलीच.

दुपारी वहिनी दादाची टोपी घेऊन आली. कडांना पांढरे डाग होते.

"धुतली नाही गं. वास आहे त्यांचा. काम करताना नुसते निथळायचे. मी चिडवायचे, टोपी पिळून झाडांना घालू का?"

बहिणीने डागावरून बोट फिरवलं: घामाचं मीठ. चाचणीचं प्लास्टिकचं डोकं खऱ्यासारखं वागावं म्हणून त्यात मिठाचं पाणी भरत. आतल्या मिठाचा विचार झाला होता, बाहेरच्या घामाचा कोणी केलाच नव्हता. तिने नवी टोपी मिठाच्या पाण्यात भिजवून त्या डोक्यावर चढवली. आत पोचणारी वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर आला. पडद्यावर दादाचा नंबर मात्र तसाच होता.

"साहेब, एकही टोपी जाणार नाही."

"आणि चूक कोणाची लिहू?"

"माझी."

वहिनीने तिचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

घामाला न बधणारी टोपी व्हायला वर्ष लागलं. आज तसली टोपी घालून कोणी भर उन्हात स्थिर हाताने खिळा ठोकताना दिसला, तर देवाचं नाव घेताना त्या सुताराचीही आठवण काढा.