टाचेवरचे साखरपाणी

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे, रक्तातली साखर मोजणारा. तळहातावर मावतो, एका कोपऱ्याचा टवका उडालाय. पण एके काळी नवजात बाळांच्या खोलीत माझ्याशिवाय पान हलत नसे, सांगून ठेवतो!

कारखान्यातून आलो तेव्हा सिस्टर मला मऊ कापडाने पुसायच्या. टाचेतल्या रक्ताचा थेंब पट्टीवर आला की मी आकडा दाखवायचो. टोचण्याआधी बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब द्यायची तिथे पद्धत होती. त्याने दुखणे कमी जाणवते.

एकदा एक गुबगुबीत बाळ आले. त्याच्या आईला गरोदरपणात मधुमेह झाला होता. अशा बाळांची साखर जन्मानंतर एकाएकी खाली येऊ शकते, म्हणून मला बोलावले. बाळाच्या आत्याने मोठ्या हौसेने बोटाने साखरपाणी चाटवले आणि त्याच हाताने टाच धरून ठेवली.

"आमचा ढब्बू शूर आहे हो!"

मी पंचाण्णव दाखवले. सगळे निर्धास्त झाले.

थोड्याच वेळात ढब्बूचा पाय सायकल चालवल्यासारखा हलू लागला. डोळे एकीकडेच खिळले. आईच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टरबाई धावत आल्या.

"साखर?"

"आत्ताच बघितली, पंचाण्णव," सिस्टर म्हणाल्या.

"मग कॅल्शियम कमी असेल, नाहीतर मॅग्नेशियम. रक्त पाठवा लगेच." बाईंनी ढब्बूचा पाय हलकेच धरला. नुसती थरथर असती तर धरल्यावर थांबली असती. ती थांबली नाही. ती आकडीच होती! पण बाईंचा हातमोजा टाचेला चिकटला.

"ही टाच चिकट कशाने झाली?"

"अगं बाई!" आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "साखरपाण्याचा हात माझाच!"

"रागवायला नंतर वेळ आहे. टाच धुवा, कोरडी करा, पुन्हा मोजा."

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला होता. या खेपेला निव्वळ रक्ताचा थेंब आला. बावीस! साखर पार तळाला गेली होती; आधीचा आकडा टाचेवरच्या साखरपाण्याने फुगला होता. सिस्टरनी लगेच शिरेतून साखर दिली. हळूहळू पाय शांत झाला. ढब्बू रडला, आणि त्या रडण्याने सगळी खोली हसली.

आता नवा मीटर आलाय. मी खालच्या खणात पडून असतो. कधी कधी वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण परवा आत्या तपासणीसाठी ढब्बूला घेऊन आली, आता चांगला चालू लागलाय तो. आल्या आल्या आधी नळावर जाऊन हात धुतले तिने! तेवढ्यात ढब्बूने माझ्या खणावर त्याच पायाने सणसणीत लाथ हाणली.

"अरे, हळू!" आत्या ओरडली.

हाण रे बाबा, खुशाल हाण! मित्रांनो, माझे मागणे एवढेच: समोर येईल तेच मी मोजतो. आधी टाच स्वच्छ करा, मग मला विचारा.